सात विसाव्यांची वाट

एका गावात एक सुईण राहत होती. तिचे नाव चिमाई. गाव थोरल्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी होते. इतके पायथ्याशी, की सकाळचे ऊन तिथे साऱ्या मुलखाच्या मागाहून पोचे, आणि उशिरा उठणाऱ्यांना ते चांगले निमित्त होई. चिमाई मात्र पहाटेच उठायची. पंचक्रोशीतली निम्मी माणसे तिच्याच हातांवर जन्मली होती. त्यामुळे थोरामोठ्यांनाही चारचौघांत रागवायचा हक्क तिला होता, आणि तो ती बजावीत असे.

तिच्या हाताखाली राही नावाची तरुण सुईण तयार झाली होती. राही देशावरच्या सपाट मुलखातून लग्न होऊन इकडे आलेली. अंगाने काटक, पायाने चपळ. चार वर्षांत तिने सोळा बाळंतपणे केली आणि एकही वाया गेले नाही. पाणवठ्यावर बायका आता म्हणू लागल्या होत्या, म्हातारीपेक्षा हीच बरी. म्हातारी चालते मुंगीच्या पावलांनी, तोवर पोर का वाट बघत बसणार? हे बोलणे राहीच्या कानांवर येई. ती ऐकले न ऐकलेसे करी, पण ते तिला गोड लागत असे.

डोंगराच्या माथ्यावर मोठे पठार होते आणि तिथे गवळी धनगरांची सात-आठ घरांची वाडी होती. वर जायला दोन वाटा. एक नाळ. म्हणजे कड्याला वरपासून खालपर्यंत पडलेली अरुंद घळ, धोंड्यांनी भरलेली. पावसाळ्यात तिच्यातून पाणी उतरे, एरवी माणसे. दुसरी सोंड. डोंगराचा एक लांबलचक दांडा हळूहळू उतरत खाली आला होता, त्याच्या पाठीवरून जाणारी वळणावळणाची वाट. या भागात दोन्ही वाटांचे वर्णन एकाच वाक्यात करत. "नाळ एका विसाव्याची, सोंड सात विसाव्यांची."

आश्विनातली एक सकाळ होती. न्याहारीची वेळ झाली नव्हती तोच दोघे धनगर भाऊ नाळ उतरून धावत चिमाईच्या दारात आले. थोरला धाकू, धाकटा बमू. धाकू धापा टाकत होता.

"मावशी, बायजा अडली. पहाटेपास्नं कळा हाईत. आय म्हणती, पोर आडवं हाय."

बायजा ही धाकूची बायको, पहिलटकरीण. पोटात आडवे बसलेले पोर आपोआप बाहेर येत नाही. त्याला बाहेरून हाताने फिरवावे लागते, तेही भोवतीची पाण्याची पिशवी, म्हणजे पाणमोट, फुटायच्या आत. फिरले नाही तर पोर जाते आणि आईही जाते. तीन वर्षांपूर्वी धाकूची थोरली बहीण अशीच गेली होती. तेव्हा धाकू तिच्या उशाशी बसला होता.

चिमाईने एकच गोष्ट विचारली. "पाणमोट फुटली का?"

"आय म्हणाली, न्हाई अजून."

"मग वेळ हाय. पाणमोट शाबूत हाय तवर पोर फिरवता येतं. पहिलटकरीण हाय, दिवसभर घेईल."

ती आत गेली, तेलाची बाटली, फडकी, धागा असे जुजबी सामान एका गाठोड्यात बांधले आणि गाठोडे धाकूच्या हातात दिले. राही तोवर कासोटा खोचून अंगणात उभी होती.

चौघे ओढ्यापाशी आले. तिथे वाटा फुटत होत्या. धाकू न विचारताच नाळेकडे वळला.

"मावशी, नाळेनं दुपारच्या आत वर. मी तुला पाठीवर घेतो."

"नाळ कापणं माझं काम लेकरा, नाळ चढणं न्हवं," चिमाई म्हणाली. "मी सोंडेनं येते."

कोणी हसले नाही. धाकूचे डोळे लाल झाले. "तिकडं माझी बायको मरणाच्या दारात, आन् तुला थट्टा सुचती? सोंडेनं दिवस मावळंल!"

"मावळायच्या आत पोचते. वर जाऊन मला हातांनी काम करायचं हाय."

राही पुढे झाली. "मावशी, मी जाते नाळेनं. एका विसाव्याची तर वाट."

तिच्या माहेरी सपाट रानात डोक्यावरचे ओझे उतरवायला रस्त्याच्या कडेला दगडी कट्टे बांधलेले होते. त्यांना विसावा म्हणत. ते सारख्या अंतरावर असत, आणि गाव किती लांब ते माणसे विसाव्यांत सांगत. एका विसाव्याचे गाव म्हणजे हाकेच्या अंतरावरचे. सात विसाव्यांचे म्हणजे दिवस मोडणारे. राही अजून एकदाही वर गेली नव्हती, तेव्हा तिने मनाशी हिशेब केला तो तिच्या माहेराला धरून बरोबर होता. इथे मात्र त्या शब्दाचा अर्थ निराळा होता. दोघा भावांनी तो जन्मापासून ऐकलेला, त्यामुळे हिला तो ठाऊक नसेल असे त्यांच्या मनातही आले नाही.

चिमाईने राहीकडे पाहिले. हिला आता अडवले तरी ही थांबायची नाही, हे तिला दिसत होते. शिवाय पाणमोट वाटेतच फुटली, तर वर कोणी जाणते असलेले बरे, हेही होते. ती इतकेच म्हणाली, "हात संभाळ गं."

राहीला वाटले, म्हातारी जपून चढ म्हणते आहे. ती बमूच्या मागोमाग नाळेत शिरली.

"मी बी जातो," धाकू म्हणाला.

"तू माझ्यासंगं. आजच्या दिसाला माझे हात तू व्हायाचंस."

याचा अर्थ धाकूला पहिल्या वळणावर कळला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिमाईने दोन्ही हातांना तेल चोळून ते पदरात गुंडाळले होते. ती काठी धरीना, वाटेत फांदी आडवी आली तर ती बाजूला सारीना. ती थांबून उभी असे, आणि धाकूने फांदी धरली की पुढे जाई. कारवीच्या रानात तर दर चार पावलांना फांदी. नुकतीच मेंदी काढलेल्या नवरीसारखी ही सत्तर वर्षांची बाई हात जपत चालली होती, आणि तिच्या मागे गाठोडे घेऊन एक धडधाकट धनगर दात-ओठ खात होता.

पहिला विसावा करंजाच्या झाडाखाली होता. चिमाई बसली. धाकू उभाच राहिला. ती बसली आहे तोवर तो दोनदा पुढच्या वळणापर्यंत जाऊन आला. दुसऱ्या विसाव्यालाही तेच. त्याला सारखे वाटत होते, या घटकेला तिकडे पाणमोट फुटली असेल. या घटकेला बायजाने माझे नाव घेऊन हाक मारली असेल.

तिसरा विसावा सोंडेच्या उघड्या पाठीवर होता. तिथे रान संपले आणि दोन्ही बाजूंनी दरी उघडली. सबंध उतार सोनकीच्या फुलांनी पिवळा झाला होता. खाली नदी दिसत होती, तिच्या काठची भाताची खाचरे दिसत होती, आणि एक घार त्यांच्या पायांच्या खालच्या अंगाला घिरट्या घालत होती. पलीकडे, दरीच्या दुसऱ्या बाजूला, कड्यातली नाळ स्पष्ट दिसत होती. तिच्यात दोन ठिपके. एक पांढरा, तो बमू. एक हिरवा, ते राहीचे लुगडे. दोघेही नाळेच्या निम्म्याच्या वर गेले होते.

धाकूने डोक्याला हात लावला. "बघ, मावशी! कुठं पोचली ती! आन् आपण इथं!"

चिमाई सोनकीकडे बघत होती. "यंदा किती पिवळं झालंय."

"तू माणूस हाईस का कोण?" धाकू ओरडला. "माझी भन गेली तवा तूच आलीवतीस ना? आल्यावर काय म्हणालीस, उशीर झाला! आज परत तेच म्हणणार हाईस का?"

चिमाईने सोनकीवरची नजर काढली. मग म्हणाली, "तवा मी नाळेनं आलेवते."

धाकूने तिच्याकडे वळून पाहिले.

"तुझा बा मला पाठीवर घेणार म्हणाला. पर धोंड आली की पाठीवरनं उतरावंच लागतं. वेळंत पोचले मी. लोकांना सांगितलं उशीर झाला. उशीर झाला न्हवता. माझी बोटं आखडलीवती, लेकरा. तिच्या पोटावर हात ठिवला आन् मला पोराचं डोकं कुठलं आन् कुल्ला कुठला ते कळंना. तरीबी मी हात चालवला. लोक बघत हुते म्हणून चालवला." ती नाळेकडे पाहत होती. "ते मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई."

वारा वाहत होता. धाकूला तिचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच क्षणी तिच्यापुढे बसून रडावेसेही वाटले. त्याने दोन्हीतले काहीच केले नाही. तो खाली बसला, आज पहिल्यांदाच.

"आता समोर बघ," चिमाई म्हणाली. "तुझा श्वास तुटलाय. लांबवर बघितलं की श्वास लांब हुतो. तुटक्या श्वासानं बाळंतिणीपाशी गेलास तर तीबी घाबरंल."

त्याने पाहिले. आधी रागाने पाहिले, मग नुसते पाहिले. त्याच रानात तो लहानाचा मोठा झाला होता आणि म्हशीच्या शेपटीपलीकडे त्याने तिथे फारसे काही पाहिले नव्हते.

इतक्यात पलीकडचा हिरवा ठिपका थांबला. कड्याला चिकटून राहिला. हलेना.

"तिथं मोठी धोंड अडकलीया," धाकू म्हणाला. "हातांनी अंग वर वढून घ्याया लागतं."

"आन् तिथवर किती ठिकाणी हातांनी वढून घ्याया लागतं?"

धाकू आठवू लागला. खालची घसरण, ओल्या शेवाळाचा टप्पा, मुळांना धरून चढायची जागा, कपारीत बोटे रुतवायची जागा. "समदीकडंच," तो म्हणाला, आणि आपले रापलेले, घट्टे पडलेले पंजे उघडून बघू लागला. रोजच्या चढण्या-उतरण्याने त्याला ते कधी जाणवलेच नव्हते. सोंड चढायची पायांनी. नाळ चढायची हातांनी.

आणि विसावा म्हणजे इथे अंतर नव्हते. विसावा म्हणजे बूड टेकायला मिळेल अशी जागा. सोंडेवर तशा सात होत्या. नाळेत, खालपासून वरपर्यंत, एकच.

चौथ्या विसाव्यापासून पुन्हा रान लागले, आणि चालण्याची रीत बदलली. फांदी येण्याआधीच धाकू पुढे होऊन ती धरू लागला. निसरड्या जागी तो स्वतः आडवा उभा राही, म्हणजे चिमाईचा तोल गेला तरी तिने हात टेकायला नको. पण भीती काही कमी झाली नव्हती. तिच्यात आता राहीच्या हातांची भर पडली होती.

दुपार कलली. पाचव्या विसाव्यावरून त्यांनी पाहिले, हिरवा ठिपका कड्याच्या माथ्यावर पोचला. तिथे तो थोडा वेळ आडवा पडून राहिला. मग पांढऱ्या ठिपक्याने त्याला उठवले आणि दोघे दिसेनासे झाले.

"पोचली," धाकू म्हणाला. आनंदाने म्हणायला गेला, पण शब्द तसा निघाला नाही.

"ती पोचली," चिमाई म्हणाली. "तिचे हात नाळंतच ऱ्हायले."

आज प्रथमच तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. राही वाईट सुईण नव्हती. चांगली होती, आणि धोका तिथेच होता. आजवर न हरलेले माणूस, समोर तडफडणारी बाई, भोवती सगळी वाडी, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, लाव हात. अशा वेळी न लावणे किती अवघड असते, ते चिमाईइतके कोणाला ठाऊक?

धाकूने तोंडाभोवती हात धरून कुकारी दिली. धनगराची कुकारी एरवी दरीपलीकडच्या म्हशींना परत फिरवते. पण वारा उलटा होता. त्याने चार वेळा हाक दिली आणि चारही वेळा ती त्याच्याच तोंडावर परत आली.

"मी पळत जातो, मावशी. तिला सांगतो, हात लावू नगंस."

"जा की. फांद्या मी सारीन. वरच्या टप्प्याला हात टेकून चढंन."

धाकू दोन पावले पळाला आणि थांबला. तो गेला तर राही थांबेल, पण चिमाईचे हात जातील. तो राहिला तर चिमाईचे हात राहतील, पण राही थांबेल की नाही कोण जाणे. त्याने वर पाहिले, खाली पाहिले. मग मागे फिरून पुढची फांदी धरली. "चल," तो म्हणाला. आता सगळे एका परक्या मुलीच्या शहाणपणावर होते, जिला तो आज सकाळी पहिल्यांदा भेटला होता.

सहावा विसावा झाला. सातव्यापाशी ऊन पिवळे पडले होते, आणि चिमाई थांबेना. सरळ पुढे निघाली. तिचा श्वास वाजत होता. पाय भराभर पडत होते. तिच्या डोळ्यांपुढे काय होते ते धाकूला कळले. तीन वर्षांपूर्वीचे घर, आणि त्यातली त्याची बहीण.

तो वाटेत आडवा झाला. "बस, मावशी."

"सर बाजूला. उशीर हुतोय."

"बस म्हणतो ना. श्वास तुटलाय तुझा."

ती बसली. धाकू तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या हातांना तेल लावू लागला. दोघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हते. श्वास लांब झाल्यावर ती आपणहून उठली.

वाडीत शिरताना दुरूनच ओरडा ऐकू आला. रडणे नव्हे, भांडण. धाकूच्या घरासमोर सगळी वाडी जमली होती. आणि दाराच्या आत, उंबऱ्यालगत, बायजाचे डोके मांडीवर घेऊन राही बसली होती. तिचे तळवे सालटून लाल झाले होते, दोन नखे उखडली होती, आणि हात मनगटापासून थरथर कापत होते. बायजा जिवंत होती. पाणमोट शाबूत होती.

धाकूची आई राहीच्या अंगावर वाकून ओरडत होती. "सुईण म्हणवून घेतीस आन् बाळंतिणीला हात लावत न्हाईस? दुपारधरनं अशीच बसलीया! माझ्या लेकीवाणी सुनंलाबी घालवतीस का?"

बमूच्या हातात काठी होती. त्यानेही बरेच काही बोलून घेतले असावे. राही ऐकत होती आणि बायजाला एवढेच म्हणत होती, "श्वास घे. सोड. आता घे. चिमाई येतीया."

चिमाई उंबरा ओलांडून आत आली. राहीने मान वर केली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"एकदा हात ठिवला, मावशी. डोकं डावीकडं वाटलं. पर बोटांना नीट कळंना. हात हालत हुता. काढून घेतला." तिने तळवे उघडून दाखवले. "मला येत न्हाई, असं मी म्हणाले. समद्यांम्होरं म्हणाले."

चिमाईने तिच्या गालाला कोपर लावले, कारण हात तेलाचे होते. मग सगळ्यांना बाहेर काढून दार लोटून घेतले. आत राहिल्या चौघीच, त्यातली चौथी धाकूची आई.

चिमाई बायजाच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवून डोळे मिटून बसली. किती वेळ ती नुसती बसलीच होती. डोके डावीकडेच होते. मग एक तळवा डोक्यापाशी आणि एक कुल्ल्यापाशी धरून तिने पोर सरकवायला सुरुवात केली. झोपलेले मांजर जागे न करता बाजूला सरकवावे तसे. कळ आली की ती थांबे. कळ गेली की पुन्हा सरकवी. एकदा पोर निम्मे फिरले आणि परत मूळ जागी गेले. धाकूच्या आईने तोंडात पदर कोंबला. चिमाईने हात उचलले, तेल लावले, परत ठेवले. दुसऱ्यांदाही ते परत गेले. राही बायजाच्या कानाशी सारखी बोलत होती, आणि तिच्या शब्दांबरोबर बायजाचा श्वास चालत होता.

तिसऱ्या वेळी चिमाईची बोटे एका जागी थांबली आणि तिथेच राहिली. एक कळ गेली. दुसरी गेली. पोर परत फिरले नाही. डोके खाली बसले.

"आता काय ते तू कर, बायजा," चिमाई म्हणाली.

पाणमोट फुटली. दिवेलागणीच्या जरा आधी मूल बाहेर आले. मुलगी होती. निळसर, गप्प. चिमाईने तिला पालथी धरून पाठ चोळली. बाहेर अंगणात धाकू भिंतीला कपाळ टेकून उभा होता. मग आतून एक बारीक, चिडका आवाज आला, आणि धाकू दाराशी जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळाने दार उघडले. धाकू चिमाईच्या पायांवर पडायला गेला. तिने पाय मागे घेतले.

"माझ्या पायांवर नगं पडू. पोर मी फिरवलं. पर ते फिरवण्याजोगं हिनं ठिवलं. अख्खी वाडी अंगावर धावली, तरी हिनं हात आवरला. मला ते जमलं न्हवतं." मग ती धाकूच्या आईकडे वळली आणि लेकीच्या वेळी काय झाले होते ते, वाटेत धाकूला सांगितले होते तसेच, तिला सांगितले.

धाकूची आई चुलीपाशी जाऊन बराच वेळ पाठमोरी बसली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातांत दोन ताटे होती. एक ताट तिने चिमाईपुढे ठेवले, न बघता, पण ठेवले. दुसरे राहीपुढे. राहीने भाकरी मोडायचा प्रयत्न केला, पण तिची बोटे मिटेनात. तेव्हा दुपारभर तिला शिव्या देणारी ती म्हातारी खाली बसली, भाकरी दुधात कुस्करली आणि राहीला एकेक घास भरवू लागली. राही रडत रडत खात होती.

तात्पर्य: लवकर पोचणे म्हणजे कामाला येणे नव्हे, ज्या वाटेने गेल्यावर हाती घेतलेले काम करायला आपण शाबूत उरतो, तीच जवळची वाट, आणि उरलो नसू तर तसे सर्वांसमोर सांगण्यातच शहाणपण असते.